मागे, मोकळं!

मेगुरो कात्सुजी गाडी हलवण्याआधी मोठ्याने बोलायचा. वेडाबिडा नव्हता तो. शहरातल्या बस कंपनीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, आणि तिथली शिस्तच तशी असते. जे बघायचं त्याकडे बोट करायचं आणि दिसलं ते खणखणीत सांगायचं. पांढऱ्या हातमोज्यातलं बोट आधी उजव्या आरशाकडे जायचं. "उजवीकडे, मोकळं!" मग डाव्या. "डावीकडे, मोकळं!" आणि शेवटी डोक्यावरच्या आरशाकडे. "मागे, मोकळं!" एवढं झाल्याशिवाय त्याचा पाय ब्रेकवरून उठत नसे.

पर्यटन कंपनीतले बाकीचे चालक त्याची टर उडवायचे. "मेगुरोसान, गाडी उत्तर देते का हो?"

"उत्तर देत नाही," कात्सुजी म्हणायचा, "पण तुमच्यासारखी मधेच बोलतही नाही."

कंपनी कसली, स्टेशनासमोर दोन खोल्या आणि पाच गाड्या. बसमधून निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो तिथे लागला. काम सोपं होतं. सकाळच्या आगगाडीने येणारे पाहुणे काळ्या आठ-आसनी गाडीत घ्यायचे, डोंगरातून सव्वा तास चालवत तोचिझावाला न्यायचे, गाव दाखवायचं, जेवू घालायचं आणि अंधाराच्या आत परत स्टेशनावर सोडायचं. तोचिझावा म्हणजे जुन्या राजरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव. कधीकाळी तिथे सरदारांच्या स्वाऱ्या उतरत. आता गवती छपरांची पस्तीस घरं, एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंनी वाहणारं पाटाचं पाणी, एवढंच उरलंय, आणि लोक तेवढ्यासाठी लांबून येतात.

कात्सुजी त्याच गावचा. मालकाला कोण आनंद झाला. गाडी चालवणारा आणि गाव दाखवणारा, दोन्ही एकाच माणसात मिळाले! कात्सुजीने त्याला एकच गोष्ट सांगितली नाही. आई गेल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत तिच्या श्राद्धाचे ठरलेले दिवस सोडले, तर त्याने त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. ते दिवसही तो सकाळी जाऊन दुपारच्या आत उरकायचा, आणि परतताना लांबच्या, धरणाकडच्या रस्त्याने यायचा.

वाटाड्या म्हणून तो अगदीच बेताचा होता. "हे घर. हे पण घर. ते देऊळ. पायरी आहे, जपून." संपलं. एका बाईने कंपनीला लिहून कळवलं होतं, की वाटाड्या फार कमी बोलतो, पण जे बोलतो ते खरं वाटतं. मालकाने ते पत्र भिंतीला चिकटवलं. कात्सुजी त्या भिंतीकडे पाठ करून चहा प्यायचा.

आता जे सांगायचं ते त्या गावातून निघतानाचं आहे.

आमच्याकडे माणसाला वाटेला लावायची एक रीत आहे. जाणारा दिसेनासा होईपर्यंत घरच्यांनी उभं राहायचं, आत जायचं नाही. आणि जाणाऱ्याने शेवटच्या वळणावर थांबून, मागे वळून, एकदा वाकायचं. तो वाकला की इकडच्यांनी वाकायचं, आणि मग दोघंही मोकळे. मागे न बघता गेलेला माणूस घरच्यांना तसाच ताटकळत ठेवतो. हल्लीच्या पोरांना हे ठाऊक नाही. पाठीवर पिशवी टाकतात आणि फोनमध्ये बघत चालू लागतात.

कात्सुजीची आई तोयोनो ही रीत जिवापाड पाळायची. नवरा लवकर गेला, मुलगा शहरात बस चालवायला गेला, आणि ती तोचिझावाच्या घरात एकटी राहिली. मुलगा यायचा आणि जायचा. प्रत्येक वेळी ती गावाच्या टोकापर्यंत, लाल लाळेरं बांधलेल्या दगडी जिझोपर्यंत, वाटसरूंना सांभाळणाऱ्या त्या देवापर्यंत, पोचवायला यायची. तिथून रस्ता सरळ दोनशे पावलं जातो आणि देवदारांच्या राईत वळतो. तिची नजर पन्नाशीतच अधू झाली होती, वळणापर्यंत काही पोचायची नाही. म्हणून मायलेकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. कात्सुजीने पहिली जुनी गाडी घेतल्यापासून तो वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा. पों, पों. ते ऐकलं की तोयोनो त्या दिशेला वाकायची आणि घरी जायची. दारात दोनदा पाय आपटून बर्फ झटकायची, धप्, धप्, आणि आत.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तो तिला न्यायला आला होता. शहरात दोन खोल्या घेतल्या होत्या, शेगडी घेतली होती, तिच्यासाठी जाड गादीही आणून ठेवली होती. ती यायला तयार होईना.

"येत्या वसंतात आपली पाळी आहे, कात्सु. तीस वर्षांनी आपलं छप्पर शाकारायचंय. सगळं गाव सावडीने येणार आपल्याकडे, आणि घरचं माणूसच नाही? मी दुसऱ्यांच्या छपरावर गवत चढवलंय, बाबा. आपल्या वेळेला पळून जाऊ?"

"पत्रा मार म्हणून किती वेळा सांगितलं. सगळे पत्रा मारताहेत."

"मारू देत."

"मग बस त्या कुजक्या गवताखाली!" कात्सुजी म्हणाला. सव्वीस वर्षांचा होत आला होता, आणि गादी परत करायची म्हणून जास्तच चिडला होता.

तरीही ती जिझोपर्यंत आली. बर्फ पडत होता. तिच्याकडे न बघता तो गाडीत बसला. वळणावर पोचल्यावर सवयीने त्याचा तळवा हॉर्नवर गेला. त्याने तो उचलला. बसू दे जरा वाट बघत, असं त्याच्या मनात आलं. एवढंच. तेवढ्यात वळण गेलं.

दोन तासांनी गावातच राहणाऱ्या काकांना ती जिझोपाशी उभी सापडली. गुडघ्यापर्यंत बर्फ, डोक्यावरच्या रुमालावर बर्फ. "कात्सुचा हॉर्न वाजला नाही अजून," ती म्हणत होती. "गाडी अडकली असेल. तो गेल्याशिवाय मी कशी जाऊ?" काकांनी तिला अक्षरशः ओढत घरी नेलं. सहाव्या दिवशी फुप्फुसांच्या तापाने ती गेली.

क्रियाकर्माला जमलेल्या सगळ्या गावाने कात्सुजीची समजूत घातली. "बर्फात आवाज विरतो रे. तू वाजवलास, तिला ऐकू गेला नाही. तुझा काय दोष?" आणि कात्सुजीने होकारार्थी मान हलवली. त्याने ती खोटी मान हलवली नसती, तर पुढचं सगळं कदाचित घडलं नसतं. पण हलवली. नंतर सांगायची वेळ आलीच नाही. काकाही वारले, आणि घर काकांच्या सुनेकडे, मित्सुएकडे गेलं. तिने तिथे सोब्याचं, म्हणजे रस्सेदार शेवयांचं, दुकान काढलं. पर्यटक तोयोनोच्या चुलीपाशी बसून शेवया ओरपतात आणि फोटो काढतात.

ज्या वर्षी तो पर्यटन कंपनीत लागला, त्याच वर्षी आईचं तेहेतिसावं श्राद्ध झालं; आमच्याकडे गेल्याचं वर्ष धरून मोजतात. तेहेतिसावं झालं की माणूस पितरांत मिसळून जातो, त्याच्यासाठी वेगळं काही करायचं उरत नाही. कात्सुजीला हायसं वाटलं होतं. सहा महिन्यांनी, भर ऑगस्टात, तो पहिले पाहुणे घेऊन तोचिझावाहून निघाला. वळणावर येऊन रीतीप्रमाणे थांबला. आरशाकडे बोट केलं.

"मागे..."

जिझोपाशी आई उभी होती. तेच निळं कामाचं जाकीट, तेच दोन्ही हात पुढे जुळवून उभं राहणं. रस्त्यावर उन्हाने डांबर पाघळत होतं, आणि तिच्या डोक्यावरच्या रुमालावर बर्फ होता.

त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन तो स्टेशनावर कसा पोचला, ते त्यालाच ठाऊक.

त्यानंतर प्रत्येक खेपेला ती दिसायची. उन्हाळा, पावसाळा, पानगळ, काही फरक नाही. कात्सुजी दोनदा हॉर्न वाजवायचा. ती हलायची नाही. पुढे गावाच्या समितीकडून कंपनीला पत्र आलं, की आपले एक चालक विनाकारण हॉर्न वाजवून गावाची शांतता घालवतात. मालकाने कान उपटले, तेव्हापासून तो दोन्हीकडचे पिवळे दिवे लुकलुकवायचा. तिला ते दिसणार नाहीत हे कळत असूनही लुकलुकवायचा. दुसरं काय करणार?

हेही त्याने सोसलं असतं. पण बर्फ वाढत होता. पहिल्या वर्षी नुसत्या रुमालावर, दुसऱ्या वर्षी खांद्यांवर. पाचव्या वर्षी ती गुडघ्यापर्यंत बुडाली होती, नवव्या वर्षी कमरेपर्यंत. आजूबाजूला हिरवंगार रान, पाटात पोरं पाय बुडवून बसलेली, आणि मधोमध आई बर्फात गाडली जाते आहे. आणि हे सगळं आरशात. मागे वळून नुसत्या डोळ्यांनी त्याने कधी पाहिलं नाही. वळून बघितलं आणि ती तिथे नसली तर? आणि असली, तर तिच्या तोंडाकडे कसं बघायचं? बारा वर्षं तो आरशापुरताच धीट राहिला.

आणि त्या वळणावर "मागे, मोकळं" हे शब्द त्याने एकदाही उच्चारले नाहीत. इतका शिस्तीचा माणूस, पण तिथे आला की जीभ टाळ्याला चिकटायची. मोकळं नव्हतंच, तर म्हणणार कसं?

कंपनीचा नियम सत्तर वर्षांचा. मार्चअखेरीस कात्सुजीला सत्तर पुरी होत होती, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातली एक खेप त्याची शेवटची ठरली. तोचिझावाला जाणारी बस चार वर्षांपूर्वी बंद पडली होती. स्वतःची गाडी त्याने विकली होती, परवानाही महिनाअखेरीस पोलिसांकडे जमा करायचा होता. म्हणजे ही खेप झाली की तोचिझावा संपलं. मागच्या खेपेला बर्फ आईच्या छातीपर्यंत आला होता. आज तिला आत पाठवलं नाही, तर ती तिथेच उभी राहणार, डोक्यावरून बर्फ जाईपर्यंत आणि त्यानंतरही. ह्या एका विचाराने त्याला आठवडाभर झोप नव्हती.

त्या दिवशीच्या पाहुण्या ओसाकाच्या होत्या. त्र्याऐंशी वर्षांच्या कुनिएदाबाई आणि त्यांची पंचावन्न वर्षांची लेक चिझुरू. दोघी स्टेशनापासूनच भांडत आल्या.

"आई, टोपी घाल."

"घातली तर केस बसतात."

"बर्फ आहे बाहेर!"

"बर्फच बघायला आले आहे ना मी? का तुझं तोंड बघायला?"

कात्सुजीला त्या दिवशी हसू आलं नाही.

गावात रस्त्याच्या कडेने माणसाच्या उंचीएवढा बर्फ रचून ठेवला होता. त्याने दोघींना घरं दाखवली, देऊळ दाखवलं, मित्सुएच्या दुकानात बसवलं आणि नेहमीसारखा स्वतः मागच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या सोबा खाऊ लागला. बारा वर्षांत तो पुढे, चुलीपाशी कधी बसला नव्हता.

"दादा, आज तरी टेका की," मित्सुए म्हणाली. "उभ्याने खायला तुम्ही काय सरदाराचा घोडा आहात?"

"घाई आहे."

"बारा वर्षं झाली, तुमची घाई काही संपेना. आता कधी येणार पुन्हा?"

"कशाने येऊ? बस नाही, गाडी नाही."

"मी पाठवते कोणालातरी न्यायला. या तुम्ही सणाला." मग ती जरा थांबून म्हणाली, "तोयोनोकाकू असत्या तर म्हणाल्या असत्या, पोराने स्वतःच्या घरात एकदा तरी बसून खावं."

कात्सुजीने वाडगा खाली ठेवला. "तू तिला पाहिलंस का कधी?"

"मी कशी पाहणार? माझं लग्न नंतरचं. फोटोत बघितलंय तेवढंच." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय झालं हो? बरं नाही का?"

"काही नाही. मिरची लागली."

सोब्यात मिरची नव्हती. मित्सुएने तो विषय सोडला. भाजलेल्या भाताच्या वड्यांचा पुडा त्याच्या हातात कोंबला आणि दारातूनच निरोप दिला, कारण आत गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

तीन वाजता ते निघाले. कात्सुजीने ठरवलं होतं, आज हॉर्न वाजवायचा. समिती गेली खड्ड्यात, शेवटच्या दिवशी कोण कामावरून काढणार? जिझोजवळून गाडी गेली तेव्हा तो नाकासमोर बघत होता. वळणावर त्याने गाडी हळू केली आणि आरशात पाहिलं.

बर्फ तिच्या गळ्यापर्यंत आला होता. नुसतं तोंड आणि रुमाल वर होता.

त्याने तळवा हॉर्नवर आपटला. पों, पों. पुन्हा. पों, पों. देवदारांवरचा बर्फ खाली सांडला. आरशातलं ते तोंड तसंच राहिलं, वळणाकडे लागलेलं. कात्सुजीने हात हॉर्नवरून काढून घेतला.

"अहो, गाडीवाले," मागून कुनिएदाबाई म्हणाल्या. त्या आसनात अर्ध्या वळून मागच्या काचेतून बघत होत्या. जुन्या वळणाची बाई ती, गाव दिसेनासं होईपर्यंत वाकत राहणारी. "त्या बाई अजून उभ्याच आहेत हो."

"कोण बाई?" चिझुरूने वळून पाहिलं. "आई, तिथे कोणी नाही. दगडाचा देव आहे तो."

"तुला चष्मा लावूनही दिसत नाही, त्याला मी काय करू? त्या केव्हाच्या इकडे बघताहेत. यांच्यासाठीच उभ्या आहेत, मला कळतं ना." मग त्या पुढे झुकल्या आणि कात्सुजीच्या खांद्याला बोट लावून म्हणाल्या, "आणि तुम्ही हॉर्न काय वाजवता? हॉर्न कुत्र्याला वाजवतात. माणसासाठी खाली उतरावं."

कात्सुजीने गाडी थांबवली. बारा वर्षं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला स्वतःला सुचलं नव्हतं असंही नाही. त्याने दार उघडलं आणि खाली उतरला. पाय घसरत होता. डोक्यावरची कंपनीची टोपी काढली. हातमोजे काढून खिशात घातले. मग तो वळला, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

ती होती. आरशात दिसायची त्यापेक्षा लहानखुरी. सत्तरीला आलेल्या माणसाला आपली आई बावन्न वर्षांची दिसली, आपली लेक शोभावी अशा वयाची, आणि त्याचा जीव कळवळला. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती फक्त ऐकत होती, मान जराशी एका बाजूला करून, अधू नजरेची माणसं ऐकतात तशी.

"आई," तो म्हणाला. दोनशे पावलांवरून ऐकू जाण्याएवढा मोठा आवाज त्याला काढताच आला नाही. "गाडी अडकली नव्हती. मी हॉर्न वाजवलाच नाही त्या दिवशी. मुद्दाम. तुला राग दाखवायचा होता."

बर्फ भुरभुरत होता.

"छप्पर गवताचंच आहे. सावडीने शाकारतात अजून. आत ऊब आहे. आता जा तू, आई. किती वेळ उभी राहशील?" पुन्हा येणं व्हायचं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, तरी घरातून निघताना म्हणायचं ते तो म्हणाला. "येतो."

आणि कमरेतून वाकला. पूर्ण वाकला, अगदी खाली, आणि तसाच राहिला. बोडक्या डोक्यावर बर्फ पडत होता. वर बघायचं धाडस त्याला होईना. बराच वेळ काही झालं नाही. मग दूर, गावाच्या बाजूने, त्याला आवाज आला.

धप्. धप्.

दारात पाय आपटल्याचा. तो आवाज त्याने लहानपणी रोज ऐकला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

त्याने मान वर केली तेव्हा जिझो होता, त्याचं लाल लाळेरं होतं, आणि त्याच्याभोवती सपाट, कोणी न तुडवलेला बर्फ. ती जाताना त्याला दिसली नाही. एकदा तरी तिची पाठ दिसायला हवी होती, असं त्याला फार वाटलं.

तो येऊन गाडीत बसला. चिझुरू गोंधळून त्याच्याकडे बघत होती.

"गेल्या का आत?" कुनिएदाबाईंनी विचारलं.

"गेली."

"बरं झालं बाई. थंडी का थोडी आहे?"

कात्सुजीने हातमोजे घातले. बोटं नीट बसेनात, त्याने ती एकेक करून ओढली. मग सवयीने हात वर गेला. "उजवीकडे, मोकळं." बोट फिरलं. "डावीकडे, मोकळं." बोट डोक्यावरच्या आरशाकडे गेलं आणि तिथेच अडलं. आरशात सरळ पांढरा रस्ता होता. दुसरं काही नव्हतं.

"मागे..." तो म्हणाला. थांबला. ओठ चावला. "मागे, मोकळं."

पण त्याचा पाय काही ब्रेकवरून उठला नाही. त्याने कपाळ चाकावर टेकवलं आणि तो रडायला लागला, हुंदके देऊन, पाहुण्यांसमोर, पांढऱ्या हातमोज्यांनी तोंड झाकून. छत्तीस वर्षांत बसमध्ये आणि बारा वर्षांत ह्या गाडीत असं कधी झालं नव्हतं.

चिझुरू आईच्या कानाशी लागली. "आई, काय झालं ग यांना?"

"काही नाही. गप्प बस जरा." कुनिएदाबाईंनी पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. "त्यांची आई गेली."

"अगबाई! कधी?"

"आत्ताच," म्हातारी म्हणाली, आणि सोललेली फोड पुढच्या आसनाकडे धरून थांबून राहिली.